कुलाब्याच्या प्रयोगशाळेत सापडलेला अतिवाहक

जळगावात किंवा धुळ्यात एमआरआय काढायला गेलेल्या माणसाला आत सोडण्याआधी नाणी, किल्ल्या, घड्याळ, अंगठी सारे काढून ठेवायला सांगतात. यंत्रातले चुंबक फार जबरदस्त असते. त्याची तार द्रवरूप हेलियममध्ये, उणे २६९ अंश सेल्सिअसला बुडवून ठेवलेली असते. एवढ्या थंडीत नायोबियम-टायटॅनियमची ती तार विजेला काडीचाही विरोध करीत नाही. हीच अतिवाहकता. हेलियम महाग, म्हणून यंत्र महाग, आणि बिल भरताना घरच्यांच्या तोंडचे पाणी पळते.

१९११ साली हॉलंडच्या कामरलिंग ओन्नेस यांना हा गुण प्रथम पाऱ्यात दिसला. त्यानंतर जगभर एकच धडपड चालली : कमी थंडीत हेच काम करणारा पदार्थ मिळेल का? या धडपडीत एक गोष्ट सर्वांनी मनाशी धरली होती. अतिवाहकात इलेक्ट्रॉन जोडीने चालतात आणि जवळ चुंबकीय अणू आला की जोडी फुटते. तेव्हा लोखंड, कोबाल्ट, निकेल यांच्या वाटेला अतिवाहक शोधणाऱ्याने जाऊ नये.

१९८७ साली तांब्याचे एक ऑक्साइड ९३ केल्व्हिनला, म्हणजे उणे १८० अंशांला अतिवाहक बनले आणि सारे जग तिकडे धावले. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत मात्र आर. नागराजन, एल. सी. गुप्ता आदी मंडळी धातूंच्या मिश्रणांवर काम करीत राहिली. पवईच्या आयआयटीचे बी. डी. पडालिया आणि तरुण संशोधक चंदन मजुमदार हेही त्यांच्यासोबत होते.

कामाची रीत आयटीआय झालेल्या आपल्या मुलांना लगेच कळेल. आरगॉन वेल्डिंगसारखीच ठिणगी. खाली पाण्याने थंड ठेवलेली तांब्याची बैठक. त्यावर धातूचे तुकडे वितळवून गोळी करायची, उलटी करून पुन्हा वितळवायची. अशी एक गोळी यिट्रियम, निकेल आणि बोरॉनची होती; तिच्यात निकेलच जास्त. ती थंड करताना १२ केल्व्हिनच्या आसपास, म्हणजे उणे २६१ अंशांला, अतिवाहकतेची खूण दिसली. खूण लहानशी होती.

आम्ही वाणिज्य शाखेचे. ताळेबंदात थोडा फरक आला की तो उचंत खात्यात टाकून घरी जाण्याचा मोह कारकुनाला किती होतो, ते आम्हांस ठाऊक आहे. या मंडळींनी तो फरक उचंतात टाकला नाही. १९९३ साली त्यांनी ते निरीक्षण प्रसिद्ध केले आणि कारण शोधत राहिले. कारण निघाले कार्बन! तो मुद्दाम घातल्यावर गोळीचा मोठा भाग अतिवाहक झाला. जानेवारी १९९४ मध्ये अमेरिकेच्या 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये तो निबंध आला.

त्याच वर्षी अमेरिकेच्या बेल प्रयोगशाळेच्या गटाने याच कुळातल्या पदार्थांची नेमकी रचना 'नेचर'मध्ये मांडली. यिट्रियमच्या जागी ल्युटेशियम घालून १६ केल्व्हिनच्या वर मजल गेली, आणि निकेलऐवजी पॅलेडियम घेऊन २३ केल्व्हिनपर्यंत. आमच्या मते पहिली खूण ओळखणाऱ्यांचे नाव प्रथम घ्यावे. मोठ्या प्रयोगशाळेचे नाव लवकर तोंडी बसते, एवढेच.

खरी गंमत पुढे आहे. होल्मियम हा चुंबकीय धातू घातलेला याच कुळातला पदार्थ ८ केल्व्हिनच्या आसपास अतिवाहक होतो, ५ च्या आसपास चुंबकत्व जागे होताना डळमळतो, आणि आणखी थंड केला की पुन्हा सावरतो. एर्बियमच्या पदार्थात तर ६ केल्व्हिनच्या खाली दोन्ही गुण एकत्र नांदतात. ज्यांचे वैर ठरलेले, ते एका घरात कसे राहतात, यावर पुढे जगभर निबंधांची रास पडली.

या पदार्थाची तार एमआरआयमध्ये गेली नाही. तेथे अजून नायोबियम-टायटॅनियमच आहे. कुलाब्याच्या त्याच संस्थेत एस. रामकृष्णन यांच्या गटाने २०१६ साली शुद्ध बिस्मथही अतिवाहक होतो हे दाखवले, पण ते केल्व्हिनच्या हजाराव्या भागाहूनही कमी तापमानाला.

बी. एस्सी.ला बसलेल्या मुलाने वा मुलीने 'मला संशोधन करायचे' म्हटले की घरात पहिला प्रश्न पोटाचा येतो, आणि तो चुकीचा नाही. म्हणून सांगतो : या संस्थेच्या प्रवेश परीक्षेतून निवड झालेल्यास पीएच.डी. करताना दरमहा शिष्यवृत्ती मिळते. परीक्षा बहुधा डिसेंबरात असते. अर्ज त्याआधी भरावा लागतो.