टॉर्चला ऑक्सिजन कुठून आणायचा: सिलिंडर की कॉन्सन्ट्रेटर?

ज्यांनी हा भाग कानाने ऐकलाय, त्यांनीही हे लिखित रूप एकदा डोळ्यांखालून घाला. कारण आज आकडे बरेच आहेत, आणि पीएमटीत उभं राहून ऐकलेले आकडे स्टॉप येईपर्यंत टिकत नाहीत. माझा अनुभव आहे.

तर झालं असं. मध्यंतरी माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ती कोथरूडला फ्लॅटमध्ये राहते. दोन वर्षं दर शनिवारी ती एका काचकाम करणाऱ्या काकांकडे मणी आणि पेंडंट बनवायला शिकायला जायची. अधूनमधून मीही जायचो, नुसता बघायला. आता तिला घरीच, बाल्कनीला लागून असलेल्या छोट्या खोलीत टॉर्च बसवायचा होता. म्हणाली, "दादा, टॉर्च ठरला, गॅसचं ठरलं. ऑक्सिजनवर गाडी अडलीये. बाबांसाठी कोविडमध्ये घेतलेलं मशीन पडून आहे ना, तेच लावू का? पण आई नको म्हणतेय."

मी सॉफ्टवेअरवाला. पण इंजिनिअर म्हटलं की घरच्यांना वाटतं याला मिक्सरपासून रॉकेटपर्यंत सगळं येतं. बसलो मग वही घेऊन.

मुळात ऑक्सिजन लागतोच कशाला?

गॅस तर हवेतही जळतो की! जळतो. पण हवेत ऑक्सिजन फक्त २१ टक्के. उरलेला जवळजवळ सगळा नायट्रोजन, आणि तो जळायला काही मदत करत नाही. उलट स्वतः तापतो आणि उष्णता घेऊन निघून जातो. फुकटचा प्रवासी. त्यामुळे प्रोपेन हवेत जळला तर ज्योत जास्तीत जास्त २,००० अंश सेल्सिअसच्या जवळपास जाते. शुद्ध ऑक्सिजनमध्ये जळला तर २,८०० अंशांच्या आसपास.

मण्यांची साधी काच ७०० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागते. प्रयोगशाळेतल्या चंचुपात्राची बोरोसिलिकेट काच ८२० अंशांच्या आसपास. पण मऊ पडणं वेगळं आणि कामाला येणं वेगळं. बोरोसिलिकेट मनासारखी वळवायची तर १,२०० अंशांच्या पुढे जावं लागतं, तेही सगळीकडून उष्णता निसटत असताना. तिथे साधा हवेवरचा टॉर्च हात टेकतो.

पहिला प्रश्न: मिनिटाला किती लिटर?

बहुतेक जण इथेच चुकतात. "सिलिंडर स्वस्त की मशीन स्वस्त" इथून सुरुवात करतात. माझं म्हणणं, आधी टॉर्चला विचारा: तुला मिनिटाला किती लिटर ऑक्सिजन लागतो, आणि किती प्रेशरने?

नॉर्टेल मायनरसारखा नवशिक्यांचा छोटा टॉर्च मण्यांच्या कामाला मिनिटाला ५ लिटरच्या आत भागवतो. बोरोसिलिकेटच्या मोठ्या कामाचे टॉर्च २० लिटर आणि त्याहूनही जास्त मागतात. टॉर्चच्या माहितीपत्रकात हे आकडे असतात. खरेदी करण्याआधी तेवढं पान वाचा.

आता दोन्ही बाजू बघू.

सिलिंडर म्हणजे पॉवर बँक. भरून आणायचा, संपेपर्यंत वापरायचा. आपल्याकडचा मोठा ऑक्सिजन सिलिंडर साधारण ७ घनमीटरचा असतो. म्हणजे ७,००० लिटर. मिनिटाला ५ लिटरने तो २३ तास चालेल, २० लिटरने सहा तासही नाही. आठवड्याला सहा तास मणी करणाऱ्याला महिनाभर पुरेल. रोज मोठं काम करणारा मात्र रोज फोन लावत बसेल.

सिलिंडरची ताकद प्रेशरमध्ये आहे. आत १५० बारच्या आसपास दाब असतो. रेग्युलेटर लावून हवं तेवढं प्रेशर घ्या, कितीही मोठा टॉर्च चालवा. आणि त्याचा धोकाही त्याच दाबात आहे.

कॉन्सन्ट्रेटर म्हणजे भिंतीतला चार्जर. साठा काही नाही, पण वीज आहे तोवर संपतही नाही. तो ऑक्सिजन "बनवत" नाही, हवेतून गाळतो. आत झिओलाइटच्या दाण्यांनी भरलेल्या दोन नळ्या असतात. एकीत हवा दाबली की दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे जातो. तेवढ्या वेळात दुसरी नळी दाब सोडून धरलेला नायट्रोजन बाहेर टाकते. मग अदलाबदल. तो जो "फुस्स" आवाज येतो ना दर काही सेकंदांनी, तो हाच. बाहेर येतो तो साधारण ९० ते ९६ टक्के ऑक्सिजन. छोट्या टॉर्चला तेवढा पुरतो.

५ लिटरचं मशीन साधारण ३०० ते ४०० वॉट खातं, म्हणजे तीन तासांना एक युनिट. पण प्रेशर कमी, बहुतेक मेडिकल मशीनमध्ये ५ ते ९ पीएसआय. दोन मशीन जोडून फ्लो दुप्पट करता येतो, प्रेशर मात्र तेवढंच राहतं. मोठा टॉर्च इथे अडतो.

आणि एक सापळा. ५ लिटरच्या मशीनमधून ७ लिटर ओढले तर ७ लिटर ऑक्सिजन मिळत नाही. दाण्यांना नायट्रोजन धरायला वेळच मिळत नाही आणि शुद्धता घसरते. ज्योत फुललेली, आळशी होते. काम येत नाही आणि आपण शिव्या टॉर्चला घालतो.

घरात काय ठेवताय, ते बघा

काकांकडचा एक किस्सा सांगतो. नव्या सिलिंडरवर रेग्युलेटर बसवताना आटे घट्ट जात होते. मी मदत म्हणून शिलाई मशीनच्या तेलाची कुपी उचलली. काकांनी माझा हात मनगटापाशी असा धरला की कुपी खाली पडली. नंतर शांतपणे म्हणाले, "ऑक्सिजनच्या आट्यांना तेल लावायचं नसतं, बाळा. कधीच नाही."

कारण असं: ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल आणि ग्रीस सहज पेट घेतात. व्हॉल्व झटकन उघडला की दाबला गेलेला वायू क्षणात तापतो, ठिणगीचीही गरज पडत नाही. म्हणून तेलकट हात नको, व्हॉल्व सावकाश उघडायचा, सिलिंडर उभा आणि साखळीने भिंतीला बांधलेला हवा. आडवा पडून व्हॉल्व तुटला तर तो सिलिंडर सिलिंडर राहत नाही, क्षेपणास्त्र होतो. गॅस आणि ऑक्सिजनच्या दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर हवाच. आणि "कॉन्सन्ट्रेटरचा ऑक्सिजन साध्या एअर कॉम्प्रेसरने टाकीत भरून ठेवतो" असा जुगाड कुणी सुचवला तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. त्या कॉम्प्रेसरमध्ये तेल असतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या दहा बाय दहाच्या खोलीत, शेजारच्या खोलीत आजी झोपलेली असताना, १५० बारचा सिलिंडर? बहिणीला मी स्पष्ट नाही म्हणालो. तिचा टॉर्च छोटा. तिच्यासाठी कॉन्सन्ट्रेटरच बरा.

पण मशीन आहे म्हणून खिडकी बंद ठेवून बसता येत नाही. हिशोब करा. दहा बाय दहा बाय दहा फुटांच्या खोलीत साधारण २८,००० लिटर हवा. मिनिटाला ५ लिटरने तासाला ३०० लिटर ऑक्सिजन जळला, तर त्यातून १८० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड तयार होतो. शांत बसलेली नऊ-दहा माणसं तासभरात सोडतात तेवढा! बंद खोलीत एका तासात त्याचं प्रमाण ०.६ टक्क्यावर जातं. आठ तासांच्या कामासाठी जगभर पाळली जाणारी मर्यादा ०.५ टक्का आहे. शिवाय गरम ज्योतीत नायट्रोजनचे ऑक्साइड बनतात, ते वेगळेच. म्हणून टॉर्चच्या वर बाहेर फेकणारा एक्झॉस्ट हवा, आणि ताजी हवा आत यायला दुसरी वाट हवी.

आता ते घरातलं मशीन

एप्रिल २०२१ आठवतोय ना? २२ एप्रिलपासून मोजके उद्योग वगळता बाकी उद्योगांचा ऑक्सिजन थांबवून तो दवाखान्यांकडे वळवला गेला. त्याच धावपळीत मावशीने काकांसाठी, म्हणजे तिच्या नवऱ्यासाठी, ५ लिटरचं मशीन मिळवलं. काका त्यातून बरे झाले. मशीन तेव्हापासून कपाटाशेजारी, वर जुनी चादर. मावशीचं म्हणणं एवढंच: "असू दे गं. सोसायटीत कुणाला रात्री-अपरात्री लागलं तर?"

तिचं म्हणणं खोडण्यासारखं नव्हतं. म्हणून मी म्हटलं, आधी मोजू तरी. भाड्याने मशीन देणाऱ्याकडून ऑक्सिजन अ‍ॅनालायझर आणला, मशीन पंधरा मिनिटं चालू ठेवलं, कारण सुरू केल्याबरोबर पूर्ण शुद्धता येत नाही. ३ लिटरवर ९० टक्के. ५ लिटरवर ७८.

मशीनवरचा हिरवा दिवा मात्र छान हसत होता.

झालं काय होतं? झिओलाइटला ओलावा चालत नाही. मशीन वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं की पावसाळ्यांची दमट हवा हळूहळू आत शिरते, आणि दाण्यांची नायट्रोजन धरायची ताकद कमी होते. बाहेरून काहीच दिसत नाही. चांगल्या मशीनमध्ये शुद्धता घसरली की सूचना देणारा सेन्सर असतो. याच्यात नव्हता.

मावशी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे इतके दिवस आपण कशाच्या भरवशावर होतो?"

टॉर्चसाठी आलो होतो, पण त्या दिवशी खरा प्रश्न हाच निघाला. ७८ टक्क्यांवर मणी कदाचित जरा वेडावाकडा झाला असता. माणसाचं तसं नाही.

शेवटी ठरलं ते असं. घरातल्या मशीनचे दाणे बदलून घेतले, पुन्हा मोजलं, ५ लिटरवर ९३ आलं. ते घरासाठीच राहिलं. आता दर महिन्याच्या एक तारखेला मावशी ते तासभर चालवते. टॉर्चसाठी बहिणीने दुसरं, वापरलेलं मशीन घेतलं. अ‍ॅनालायझर सोबत नेऊन, ५ लिटरवर मोजून, आणि तासांचं मीटर बघून. पाण्याची बाटली काढून टाकली, कारण ज्योतीला ओलावा नको. त्यावर मार्करने मोठं लिहिलंय: "फक्त टॉर्च". वर्कशॉपमध्ये चाललेलं मशीन नीट सर्व्हिस केल्याशिवाय पेशंटला लावायचं नाही, हा नियम तिनेच केला.

थोडक्यात, स्क्रीनशॉट काढून ठेवा

छोटा टॉर्च, मण्यांचं काम, फ्लॅट: ५ लिटरचा कॉन्सन्ट्रेटर. बोरोसिलिकेट आणि मोठा टॉर्च: सिलिंडर, पण तळमजल्यावर, मोकळ्या हवेशीर वर्कशॉपमध्ये, माहितगार माणसाच्या हाताखाली शिकल्यावर. मधलं काम असेल तर प्रेशरचा आकडा आधी बघा, मग ठरवा. आणि कुठलंही जुनं मशीन घेताना दिव्यावर नाही, अ‍ॅनालायझरवर विश्वास ठेवा.

आणि हो, तुमच्याही घरात चादरीखाली २०२१चं मशीन असेल, तर टॉर्चबिर्च राहू दे. या रविवारी ते एकदा चालवा आणि कुणाकडून तरी मोजून घ्या.

भेटू पुढच्या भागात. तोवर खिडकी उघडी ठेवा!