मातीच्या भिंतीला सिमेंट नको

ओमानमधल्या खजुराच्या बागेलगतची पडकी मातीची कोठी घरच्या सुतारकामासाठी उभी करायची, तर पहिला मोह सिमेंटचा होतो. तो टाळाच. सिमेंटचा गिलावा ओल आत कोंडतो, मागची कच्ची वीट भुसभुशीत होते आणि वरचा थर पोपडे धरून सुटतो. ओमानच्याच बाहला किल्ल्याने हा धडा आधीच घेतला आहे. १९८७ साली जागतिक वारसा यादीत आलेला हा मातीचा किल्ला पुढच्याच वर्षी धोक्यातल्या वारशांत गेला. पारंपरिक पद्धतीच्या दुरुस्तीनंतर, २००४ मध्ये तो त्या यादीतून सुटला.

भिंतींना माती आणि भुशाचा गिलावा पुरतो. पाणी लागेल तिथे सारूज: भाजलेली चिकणमाती कुटून, कालवून केलेला हा लेप ओमानी फलज कालव्यांनाही देत. छताच्या खजुराच्या तुळया हातोडीने हलके ठोकून पाहा. वाळवीने खाल्लेली तुळई पोकळ वाजते, ती बदलायलाच हवी. फळ्या आणि जड हत्यारं कच्च्या भिंतीत ठोकू नका, जमिनीवर उभ्या लाकडी चौकटीला टांगा.