आंतड्याचें जुनें दुखणें आणि घरचीं माणसें

ज्याचा उच्चार चारचौघांत करावयास आपण संकोचतों, अशा एका व्याधीविषयीं आज लिहावयाचें आहे. ताप आला, हाड मोडलें, दृष्टि अधू झाली, तर सारें घर धांवून येतें. पण दिवसांतून दहा-दहा वेळां शौचास जावें लागतें आणि रक्त पडतें, हें सासऱ्या-दिरांच्या भरल्या घरांत बोलणार कोण?

कोल्हापुरांतील एका जुन्या वाड्यांत आमच्या परिचयाची एक सून असेंच दीड वर्ष गप्प राहिली. घरांत अकरा माणसें, शौचकूप परसांत, आणि सकाळीं त्याच्या दाराशीं खोळंबा ठरलेला. म्हणून ती पहांटे चारलाच उठे. सासूबाईंस वाटे, सून मोठी नेमस्त! वजन उतरूं लागलें तेव्हां "काय गं, माहेरची आठवण येते का?" एवढी विचारपूस झाली. मूळव्याध म्हणून मलमें झालीं, उष्णता म्हणून सब्जा झाला, आंव म्हणून कुड्याची साल झाली. अखेर एके दिवशीं ओट्यापाशीं तिला घेरी आली, तेव्हां कोठें दुर्बिणीची तपासणी होऊन दुखण्यास नांव मिळालें. पूर्वीं कठीण दुखणें म्हटलें कीं आपल्याकडील माणसें मिरजेस डॉ. वॉनलेस यांच्या रुग्णालयाची वाट धरीत. आतां ही तपासणी खुद्द कोल्हापुरांत होते. अडतें तें दारापर्यंत जाण्यापाशीं.

या व्याधीच्या दोन जाती आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्यें मोठ्या आंतड्याच्या आंतील अस्तरास व्रण पडतात. दुसरी क्रोन्स डिसीज. १९३२ सालीं न्यूयॉर्कच्या डॉ. क्रोन, गिन्झबर्ग व ओपनहायमर यांनीं तिचें वर्णन प्रसिद्ध केलें. ती तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेंहि होऊं शकते आणि आंतड्याच्या भिंतींत खोलवर उतरते. दोहोंतहि शरीराची संरक्षक शक्ति आपल्याच आंतड्यावर उलटते. तें कां, याचा पुरता उलगडा अद्याप झालेला नाहीं. मात्र हा रोग संसर्गजन्य नाहीं. रोग्याचें ताट वेगळें मांडण्याचें कांहीं कारण नाहीं, आणि तो कोणाच्या मागील जन्माचाहि हिशेब नव्हे. तो बहुधा तरुणपणीं, म्हणजे शिक्षण, नोकरी आणि लग्न यांच्या ऐन काळांतच उद्भवतो.

आपल्या देशांत एक अडचण अधिक. आंतड्याचा क्षय आणि क्रोन्स हीं दोन्ही दुखणीं लहान व मोठें आंतडें जेथें मिळतें त्या जागीं पुष्कळदां एकसारखींच दिसतात. त्यामुळें डॉक्टर कधीं आधीं क्षयाचें औषध देऊन कांहीं महिने वाट पाहतात. ही चालढकल नव्हे. घरच्यांस हें कोणी नीट सांगितलें नाहीं म्हणजे मात्र डॉक्टर बदलण्याचें सत्र सुरू होतें. १९९८ पासून वापरांत आलेल्या इन्फ्लिक्सिमॅबसारख्या इंजेक्शनांपूर्वींहि क्षयाची तपासणी करावी लागते, कारण शरीरांत दबून असलेला क्षय त्यांनीं उचल खातो.

औषधांत जुनें आणि अजूनहि उपयोगीं पडणारें म्हणजे सल्फासॅलझिन, स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ या विदुषीनें तें उपयोगांत आणलें. त्यानें लघवी केशरी होते, आणि हें ठाऊक नसल्यानें माणसें घाबरून गोळ्या फेकून देतात! पुरुषांत त्यानें शुक्रजंतूंची संख्या तात्पुरती घटते. औषध बदलल्यावर ती हळूहळू पूर्ववत् होते. हें ठाऊक नसलेल्या घरांत मूल होत नाहीं म्हणून बोट कोणाकडे दाखविलें जातें, तें लिहावयास नको. स्त्रियांनीं रोग शांत असतांना, डॉक्टरांच्या सल्ल्यानें गर्भधारणेचा विचार करावा. बहुतेक औषधें त्या काळांतहि चालतात, परंतु मेथोट्रेक्सेट मुळींच चालत नाहीं. स्टेरॉइडच्या गोळ्या एकाएकीं बंद करूं नयेत, आणि जुनी चिठ्ठी दाखवून दुकानांतून परस्पर आणूंहि नयेत.

सर्वांत मोठी चूक घडते ती बरें वाटल्यावर. "आतां ठीक आहे ना, मग कशाला पोटांत औषधें घालतेस?" असें म्हणणारी आत्या प्रत्येक घरांत असते. हा रोग कांहीं काळ झोंपतो. औषधें त्याला झोंपलेला ठेवतात. आठ-दहा वर्षें जुन्या कोलायटिसमध्यें कर्करोगाचा धोका वाढतो, म्हणून त्या सुमारास दुर्बिणीची तपासणी ठरल्यावेळीं करून घ्यावी.

खाण्याविषयीं उपदेश करणारे घरोघरीं असतात, पण सर्वांस लागू पडेल असें पथ्य नाहीं. मिसळीचा कट एकास सोसत नाहीं, दुसऱ्यास नुसतें दूध. काय खाल्लें आणि काय झालें याची वही रोग्यानें स्वतः ठेवावी. जोर असतां चोथा व तिखट कमी, मऊ भात, सोसत असल्यास ताक. एकादशीस दाण्याचें कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खाऊन अशा सुनेनें उपास करावा असें विठ्ठलास वाटत असेल, हें निदान मला तरी पटत नाहीं.

औषधाखालोखाल गरज आहे ती बोलण्याची. ज्यांचें मोठें आंतडें काढून पोटावर मार्ग करावा लागला, अशा न्यूयॉर्कच्या माउंट साय्नाय रुग्णालयांतील रोग्यांनीं १९५१ सालीं आपल्या 'क्यू' आणि 'टी' या वॉर्डांच्या नांवें मंडळ काढलें. पिशवी कशी बांधावी, कातडी कशी जपावी, हें शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांपेक्षां तीच पिशवी बाळगणारे चांगलें सांगत. आपल्याकडे अशा रोग्यांसाठीं मुंबईंत ऑस्टोमी असोसिएशन ऑफ इंडिया आहे. कोल्हापुराहून पुण्यास एस्.टी.नें निघतांना "गाडी मध्यें कोठें थांबेल?" ही एकच धास्ती घेऊन बसणाऱ्यास, तीच धास्ती असलेला दुसरा भेटला म्हणजे काय हलकें वाटतें, तें त्यालाच विचारावें.

त्या वाड्यांत आतां माडीवर, सुनेच्या खोलीला लागून, शौचकूप झालें आहे. खर्चास सासऱ्यांनीं प्रथम कुरकुर केली. सासूबाईंनीं आपली पाटली पुढें ठेवली, तेव्हां ते गप्प बसले. पहांटे कडी वाजली कीं सासूबाई अंथरुणांतूनच विचारतात,

"आज कितींदां गं?"

आणि सून सांगते, "दोनदांच, आई."