फिश फाइंडर महागाचा, पण स्क्रीन कोरी? कयाकवर ट्रान्सड्युसर बसवताना सगळा खेळ हवेचा असतो

सोनोग्राफी करताना डॉक्टर पोटावर आधी थंडगार जेल लावतात. ते कशासाठी? तर मशीनचा प्रोब आणि त्वचा यांच्यात हवा राहू नये म्हणून. मध्ये हवा आली की स्क्रीनवर चित्र उमटत नाही.

कयाकवरच्या फिश फाइंडरचंही अगदी तसंच आहे. अमेरिकेत फ्लोरिडा, टेक्सासच्या किनाऱ्यांवर एकट्याने कयाक वल्हवत मासेमारी करणारे अनेक हौशी लोक आहेत. स्क्रीन घेताना दहा वेळा विचार होतो, ट्रान्सड्युसर मात्र घाईत चिकटवला जातो. घोळ होतो तो तिथेच.

ट्रान्सड्युसर करतो काय?

हा फिश फाइंडरचा कान आणि तोंड दोन्ही आहे. तो पाण्यात आवाजाचे ठोके सोडतो. हे ठोके सेकंदाला साधारण १,५०० मीटर वेगाने जातात, तळाला किंवा माशाला आपटून परत येतात. परत यायला किती वेळ लागला, त्यावरून खोली कळते. जपानच्या फुरुनो बंधूंनी हेच तंत्र वापरून १९४८ मध्ये मच्छीमारांसाठी फिश फाइंडर बाजारात आणला.

गंमत म्हणजे, बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. पाण्यातून आलेला आवाज हवेला लागला की जवळपास सगळा उलटा फिरतो, म्हणून मासा ठळक दिसतो. पण हीच हवा ट्रान्सड्युसरच्या खाली अडकली, तर आवाज पाण्यापर्यंत पोहोचतच नाही. मासे खाली असतात आणि माणूस जागा बदलत बसतो.

मग बसवायचा कुठे?

पहिली पद्धत म्हणजे कयाकच्या आतून, तळावर. भोक पाडावं लागत नाही, हा सगळ्यात मोठा फायदा. कयाकमध्ये माणूस पाण्यापासून जेमतेम काही इंचांवर बसलेला असतो. तळाला पाडलेलं भोक गळायला लागलं, तर प्रश्न माशांचा राहत नाही, जिवाचा होतो.

प्लास्टिकच्या एका थरातून आवाज आरपार जातो. मात्र जागा सपाट हवी, कायम पाण्याखाली राहणारी हवी आणि मध्ये फोम नको. फोममध्येही हवाच असते.

अडचण अशी की बहुतेक कयाक पॉलिथिलीनच्या असतात आणि या प्लास्टिकला गोंद नीट धरत नाही. म्हणून जागा हलकी घासून, अल्कोहोलने पुसून घेतात. मग मरीन गोंदाचा जाड थर देऊन ट्रान्सड्युसर किंचित फिरवत दाबतात, म्हणजे बुडबुडे बाहेर निघतात. दुसरा उपाय म्हणजे फोमची छोटी चौकट तळाला चिकटवायची, तिच्या मधल्या मोकळ्या जागेत ट्रान्सड्युसर ठेवायचा आणि प्रत्येक फेरीआधी थोडं पाणी ओतायचं. जेलचं काम ते पाणी करतं.

दुसरी पद्धत म्हणजे बाजूला दांडी लावून ट्रान्सड्युसर थेट पाण्यात सोडायचा. साइड स्कॅन, डाउन स्कॅनसारख्या ४५५ किंवा ८०० किलोहर्ट्झच्या चित्रांसाठी हाच मार्ग बरा, कारण इतका बारीक आवाज प्लास्टिकमधून जाताना फार कमजोर होतो. पाण्याचं तापमानही इथेच खरं कळतं. आत बसवलेला सेन्सर बोटीच्या तळाचं तापमान दाखवतो. फक्त उथळ पाण्यात आणि किनाऱ्याला लागताना दांडी वर घ्यावी लागते, नाहीतर दगडाला आपटते.

काही कयाकच्या तळाला यासाठी खास खाच दिलेली असते. तशी असेल तर निम्मं काम झालं.

चिकटवण्याआधी एवढं कराच

झिपच्या प्लास्टिक पिशवीत पाणी आणि ट्रान्सड्युसर घालायचा, हवा काढून ती निवडलेल्या जागी ठेवायची आणि कयाक पाण्यात न्यायची. खोली बरोबर दिसली तर जागा पक्की. आकडा उड्या मारत असेल तर पिशवी थोडी सरकवायची. गोंद एकदा वाळला की ही सोय राहत नाही.

बाकी कामं सोपी आहेत. १२ व्होल्टची बॅटरी कोरड्या डब्यात ठेवायची, वायरला फ्यूज लावायचा, उरलेली केबल न कापता गुंडाळून ठेवायची.

थोडक्यात काय, तर स्क्रीन कितीही भारी घ्या, तिला दिसणार तेवढंच जेवढं ट्रान्सड्युसरला ऐकू येतं. आणि त्याचा कान बंद करायला हवेचा एक बुडबुडाही पुरतो.