आतड्याला अन्न कळते कसे?

लहान आतड्याच्या अस्तरात शंभर पेशींमागे साधारण एक पेशी वेगळ्या कामाची असते. भोवतालच्या बहुतेक पेशी पचलेले अन्न शोषून घेतात. ही पेशी त्या अन्नात काय आहे ते ओळखते आणि त्यानुसार संप्रेरके सोडते. तिची ठेवण सुरईसारखी असते. निमुळते तोंड आतड्याच्या पोकळीत उघडते आणि तिथल्या ग्राहींना पोषकद्रव्ये ओळखता येतात. रुंद बुडाशी संप्रेरकांनी भरलेल्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्यांच्या जवळूनच रक्तकेशिका जातात. अशा पेशी जठरापासून मोठ्या आतड्याच्या शेवटापर्यंत विखुरलेल्या आहेत. सगळ्या एकत्र धरल्या, तर शरीरातले सर्वांत मोठे अंतःस्रावी इंद्रिय त्यांचेच ठरते.

संप्रेरक या कल्पनेचा उगमही आतड्यातच आहे. अन्न आतड्यात उतरताच स्वादुपिंडाला पाझर फुटतो तो मज्जातंतूंमुळे, असे पाव्हलॉव्ह यांच्यासारखे शरीरशास्त्रज्ञ मानत. जानेवारी १९०२ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या आतड्याचा एक वेढा घेतला, त्याचे सगळे मज्जातंतू तोडले आणि फक्त रक्तवाहिन्या शाबूत ठेवल्या. त्या वेढ्यात आम्ल सोडले, तरीही स्वादुपिंडातून रस वाहू लागला. मग त्यांनी आतड्याचे अस्तर खरवडून आम्लात घोटले, गाळले आणि तो अर्क शिरेत टोचला. रस पुन्हा वाहिला. याचा अर्थ निरोप रक्तातून जात होता. अर्कातल्या द्रव्याला त्यांनी सिक्रेटिन हे नाव दिले. अशा सगळ्या द्रव्यांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरला. इतका साधा आणि इतका निर्णायक प्रयोग शरीरशास्त्रात क्वचितच सापडतो.

आज या पेशींचे काम बरेच बारकाईने कळले आहे. वरण-भात-तूप जेवल्यावर काय होते ते पाहावे. जठरातून थोडे थोडे अन्न पुढे सरकते. त्यातले आम्ल जाणवताच सिक्रेटिन सुटते आणि स्वादुपिंडातून आम्ल मारणारा क्षारयुक्त रस येतो. तुपातल्या स्निग्धांशाचे विघटन होऊन मेदाम्ले मोकळी होतात, वरणातल्या प्रथिनांपासून अमिनो आम्ले तयार होतात. ही दोन्ही ओळखणाऱ्या पेशी कोलेसिस्टोकायनिन सोडतात. त्याने पित्ताशय आकुंचन पावून पित्त बाहेर येते, स्वादुपिंडातली विकरे येतात आणि जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो. न पचलेले तूप या पेशींना जवळजवळ कळतच नाही. त्यांना मेदाम्लच लागते.

भातातल्या पिष्टाचे ग्लुकोज होते. ते पेशीत शिरते तेव्हा एका वाहक प्रथिनामार्फत सोडियमचे आयनही आत येतात. त्यामुळे पेशीवरील विद्युतभार बदलतो, आत कॅल्शियम वाढते आणि पिशव्या फुटून जीआयपी व जीएलपी-१ ही संप्रेरके बाहेर पडतात. म्हणजे साखर शोषली जाणे हाच इथे इशारा असतो. ही दोन संप्रेरके स्वादुपिंडाला इन्सुलिन वाढवायला सांगतात. १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी दाखवून दिले, की ग्लुकोज शिरेतून देण्याऐवजी पोटातून दिले तर इन्सुलिन कितीतरी जास्त सुटते. निरोगी माणसात जेवणानंतरच्या इन्सुलिनचा निम्मा किंवा त्याहून अधिक वाटा या संप्रेरकांमुळे असतो. टाइप २ मधुमेहात हा परिणाम बराच घटतो.

आतड्याच्या खालच्या भागातही जीएलपी-१ सोडणाऱ्या पेशी भरपूर असतात. वर शोषली न गेलेली मेदाम्ले तिथवर पोहोचली, की त्या जठर आणि आतड्याची गती आणखी कमी करतात. मोठ्या आतड्यात जिवाणू तंतुमय पदार्थ आंबवून लहान साखळीची मेदाम्ले बनवतात, तीही या पेशींना कळतात. मेंदूला खबर मिळते ती फक्त रक्तातून नव्हे. व्हेगस मज्जातंतूची टोके या पेशींच्या आसपास असतात आणि काही पेशी त्यांच्याशी थेट जोडलेल्या असतात. उंदरांवरील संशोधनातून २०१८ मध्ये दिसले, की साखरेचा निरोप या वाटेने क्षणार्धात मेंदूकडे जातो.

जीएलपी-१ रक्तात जेमतेम दोन मिनिटे टिकते, कारण डीपीपी-४ हे विकर ते तोडते. म्हणून टाइप २ मधुमेहावरची औषधे दोन मार्गांनी निघाली. सिटाग्लिप्टिनसारख्या गोळ्या त्या विकराला रोखतात, तर सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शने जीएलपी-१ची नक्कल करतात आणि आठवडाभर टिकतात. अशी नक्कल करणारे पहिले औषध एक्झेनाटाइड २००५ मध्ये अमेरिकेत आले. त्याचे मूळ द्रव्य हिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेत सापडले होते.

औषधांखेरीज जेवणाच्या क्रमानेही रक्तातल्या साखरेत फरक पडतो. टाइप २ मधुमेह असलेल्यांनी आधी भाज्या व प्रथिने आणि शेवटी पिष्टमय पदार्थ खाल्ले, तर जेवणानंतरची साखर कमी चढते, असे छोट्या चाचण्यांत आढळले आहे. ताटात भाजी, उसळ आणि वरण असतेच. भात-पोळीआधी त्यांच्यापासून सुरुवात करून पाहायला हरकत नाही. मधुमेहाची औषधे मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय बदलू नयेत.