हिमातील वाट आणि गाडीची तयारी

नाताळच्या सुट्टीत महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे स्वतःची मोटार घेऊन हिमाचलची वाट धरतात. पूर्वी हिवाळ्यात रोहतांग खिंड हिमाने बंद होई आणि मनालीपुढचा प्रवास तिथेच थांबे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि रस्ता मोकळा असेल तेव्हा लाहौलमधील सिस्सूपर्यंत भर हिवाळ्यातही जाता येऊ लागले. मात्र वाट सोपी झाली म्हणून हिमाचा स्वभाव बदललेला नाही. सपाट प्रदेशात वर्षानुवर्षे गाडी चालवलेल्या माणसालाही तो नव्याने समजून घ्यावा लागतो.

तयारी घरूनच सुरू व्हावी. उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये नुसते पाणी भरत राहिलेले असेल, तर ते गोठून इंजिनला तडा जाऊ शकतो. म्हणून योग्य प्रमाणातील कूलंट भरून घ्यावे. काच धुण्याच्या टाकीतही न गोठणारे द्रव असावे. थंडीत बॅटरीची शक्ती घटते, तेव्हा तीन-चार वर्षे जुनी बॅटरी आधी तपासून घ्यावी. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधील मेण साकळते आणि फिल्टर तुंबतो. उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारे हिवाळी डिझेल लडाखसाठी २०१९ मध्ये आणले गेले, ते याच कारणाने. त्यामुळे डिझेलच्या गाडीने लाहौल पाहून रात्रीचा मुक्काम खाली मनालीत करणे शहाणपणाचे.

आपल्याकडील नेहमीच्या टायरचे रबर सुमारे ७ अंशांखाली कडक होऊ लागते व त्याची पकड सैल पडते. झिजलेले टायर घेऊन निघूच नये. साखळ्या सोबत असाव्यात आणि त्या इंजिन ज्या चाकांना फिरवते त्याच चाकांना बांधाव्यात. बहुतेक लहान गाड्यांत ती पुढची चाके असतात. साखळी बांधण्याचा सराव घरच्या अंगणातच करावा, कारण हिमात बोटे बधिर होतात.

प्रत्यक्ष चालवताना सर्वांत मोठा गुण म्हणजे संथपणा. बर्फावर गाडी थांबण्यास कोरड्या रस्त्याच्या दहापट अंतरही लागू शकते. पुढच्या गाडीपासून तितकेच दूर राहावे. उतारावर ब्रेकवर विसंबू नये, खालच्या गिअरमध्ये इंजिनच्या जोरावर उतरावे. गाडी घसरू लागलीच, तर ॲक्सिलरेटरवरून पाय काढून, जिकडे जायचे तिकडे स्टिअरिंग हळुवार वळवावे. पुलांवर आणि सावलीतल्या वळणांवर बर्फाचा पारदर्शक थर असतो. ओल्या डांबरासारखा दिसणारा हा थर सर्वांत फसवा. सूर्य कलताच रस्ता पुन्हा गोठतो, म्हणून परतीचा प्रवास दुपारीच उरकावा.

वाटेत अडकण्याची शक्यता गृहीत धरून गाडीत घोंगड्या, फावडे, विजेरी, गरम पाण्याचा थर्मास, खाखरे आणि सुकामेवा ठेवावा. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे हिमवादळात गाड्या अडकल्या आणि मुलांसह २० हून अधिक पर्यटकांचा मृत्यू झाला. थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइड हेही त्यामागचे कारण सांगितले गेले. सायलेन्सरचे तोंड हिमाने बुजले की हा वायू गाडीत शिरतो. त्याला रंग नाही, वास नाही. झोपेत तो कळतही नाही. म्हणून सायलेन्सरभोवतीचे हिम वारंवार उपसावे, इंजिन तासातून दहाएक मिनिटेच चालवावे, एक काच किंचित उघडी ठेवावी आणि सर्वांनी एकाच वेळी झोपू नये.

एवढे करूनही पोलिसांनी किंवा स्थानिक चालकांनी पुढे न जाण्याचे सांगितले, तर गाडी वळवावी. हॉटेलचे आगाऊ भरलेले पैसे वाया जातील, हा विचार त्या वेळी मनात येतोच. पण न परवडणारा सौदा वेळीच सोडून देणे हे व्यापारी घराला नवे नाही. बुडालेल्या भाड्याची भरपाई पुढच्या हंगामात होईल, गाडीत बसलेल्या माणसांची होणार नाही.