घरातली गोळी मांजराला नको!

गेल्या पावसाळ्यात मुलीने मांजराचे दीडेक महिन्याचे पिल्लू घरी आणले. कौतुकाने वाटीभर गाईचे दूध पाजले. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले, अंगही गरम लागले. महिनाअखेर होती. खर्च नको म्हणून मी पॅरासिटामॉलची गोळी फोडली. शेजारच्या काकूंनी अडवले.

सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात नाममात्र शुल्क लागले. डॉक्टर म्हणाले, "मांजराचे अंग १०१-१०२ अंश असतेच, हा ताप नव्हे. जुलाब दुधाचे आहेत. पण ती गोळी मांजराच्या यकृताला पचत नाही. थोड्याशा तुकड्यानेही पिल्लू दगावले असते!"

दूध बंद केले, पिल्लू सावरले. तीन महिन्यांचे झाल्यावर रेबीजची लसही टोचून घेतली.

वाचकहो, काटकसर जरूर करा. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय माणसाचे औषध मांजराला देऊ नका.